कमरेइतका मांडव : आमची वाटचाल

आम्ही मूळचे निफाडचे, घरची द्राक्षबाग. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, आओस्ता खोऱ्यात राहायला आलो तेव्हा पावलं आपसूक बागांकडेच वळली. माँ ब्लाँ शिखर बघायला येणाऱ्या भारतीय पर्यटकांना दोन तास वेलींतून फिरवायचं, वाईन चाखायला द्यायची, कुणाला हव्या असतील तर बाटल्या विकायच्या, एवढाच धंदा. आम्ही दोघं नवरा-बायको आणि एक जुनी व्हॅन.

पहिल्याच हिवाळ्यात फटका बसला. बाटल्यांची खोकी मी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. एका रात्रीत वाईन गोठली, बुचं वर आली. चूक माझीच होती. आधी तळघर भाड्याने घेतलं, मगच पुढची खरेदी केली.

आम्हाला खरं उभं केलं ते मोर्जेने. मोर्जे आणि ला साल या गावांत 900 ते 1200 मीटर उंचीवर प्रिये ब्लाँ हे पांढरं द्राक्ष पिकतं. मांडव आपल्यासारखाच, पण जेमतेम कमरेइतका. दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री घडांना मिळते, वाऱ्याचा मारही कमी बसतो. तोडणी मात्र वाकून, गुडघे टेकून. हंगाम तोकडा, आणि हे द्राक्ष लवकर पिकतं म्हणूनच इथे तग धरून आहे. वाईन हलकी, चटकदार आंबट.

दादा आले तेव्हा त्यांना तिथे नेलं. ते थेट मातीत बसले आणि बुंध्याशी कलमाचा जोड चाचपू लागले. "खुंट कुठाय रे?" खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात तो मुळाकडचा भाग, नव्हताच. 19व्या शतकात मुळांवर हल्ला करणाऱ्या फायलोक्सेरा किडीने युरोपभरच्या बागा बसल्या, मग अमेरिकन खुंटांवर कलमं करावी लागली. इथे वर ती कीड पोचली नाही, म्हणून वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. डॉगरीज या अमेरिकन खुंटावर कलमं भरण्यात दादांचं आयुष्य गेलं. ते बराच वेळ उठले नाहीत. तेव्हापासून आमची प्रत्येक फेरी बुंध्यापासून सुरू होते.

खाली आर्विये गावात पेती रूज द्राक्षाची लाल वाईन, दोनासला नेबियोलो द्राक्षाची. मटणाच्या रश्श्याबरोबर मात्र मी फ्यूमँ ही इथलीच लाल वाईन देईन, तिचा तिखटपणा रश्श्यापुढे टिकतो.

गेल्या वर्षी मोर्जेतल्या एका आजोबांनी दहा गुंठे बाग आम्हाला कसायला दिली. निफाडला खरड आणि गोडी अशा दोन छाटण्या असतात. इथे वेल हिवाळाभर झोपते, म्हणून एकच. ती आम्ही दोघांनी मिळून केली, बर्फ वितळता वितळता.