हॉवर्थचे पाद्रीबाबा

कीथलीहून वाफेच्या इंजिनाची गाडी पकडली आणि इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॉवर्थला उतरलो. स्टेशन खाली, गाव वर. दगडी फरसबंदीचा चढ चढताना मावसबहिणीचं "अरे, अजून किती?" चालूच होतं. गाव सगळं शार्लट, एमिली आणि ॲन या लेखिका बहिणींच्या नावावर जगतं. मला मात्र त्यांच्या वडिलांबद्दल कुतूहल होतं.

पॅट्रिक ब्राँटे मूळचे आयर्लंडचे, जन्म १७७७ चा. गरिबाघरचा हा मुलगा शिकवण्या करत केंब्रिजला पोचला. १८२० मध्ये बायको आणि सहा मुलांसह ते इथे पाद्री म्हणून आले. पुढच्याच वर्षी बायको गेली. १८२५ मध्ये थोरल्या दोन मुली बोर्डिंग शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि दीडएक महिन्यात दोघीही गेल्या.

घराचं आता म्युझियम झालंय. आत शिरताच उजवीकडे त्यांची खोली: टेबल, खुर्ची आणि मुलींचा पियानो. जेवायचेही बहुतेक इथेच, एकटे. रात्री पिस्तूल भरून ठेवायचं आणि सकाळी खिडकीतून बार काढून रिकामं करायचं, ही त्यांची सवय. पण तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी लोकांनी जरा जास्तच चघळल्यात. याच माणसाने मुलींना हवं ते वाचू दिलं. १८२६ मध्ये मुलासाठी लाकडी शिपाई आणले आणि त्यावरून चौघा भावंडांनी आपापली कल्पनेतली राज्यं रचली. १८४६ मध्ये मँचेस्टरला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेही भूल न देता. तिथे त्यांची देखभाल करता करता शार्लटने 'जेन एअर' ही कादंबरी लिहायला घेतली.

घरासमोरच दफनभूमी. आडव्या शिळा एकीला एक खेटून, मधे पाऊल ठेवायला जागा नाही. इथली झाडं नंतरची, १८६४ ची. गावाचं पाणी दूषित आहे म्हणून पॅट्रिकनी सरकारदरबारी अर्ज केले. १८५० मध्ये बॅबेज नावाच्या निरीक्षकाचा अहवाल आला: ४१ टक्के मुलं सहा वर्षांची होण्याआधीच दगावतात. बहीण म्हणाली, "पिण्याच्या पाण्यासाठी अर्जविनंत्या इथेही होत्या म्हणायच्या!"

तोवर त्यांच्या स्वतःच्या घरात शार्लट तेवढी उरली होती. मुलगा ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन १८४८-४९ च्या आठ महिन्यांत गेले. मग त्यांचेच मदतनीस पाद्री आर्थर निकल्स यांनी शार्लटला मागणी घातली, तर म्हातारबुवा संतापले. १८५४ मध्ये लग्न झालं खरं, पण आदल्या रात्री "मी चर्चमध्ये येणार नाही" म्हणून अडून बसले. कन्यादान शेवटी तिच्या जुन्या शिक्षिकेने केलं. वर्षाच्या आत शार्लटही गेली.

पुढची सहा वर्षं सासरा-जावई याच घरात राहिले. १८६१ मध्ये ८४ व्या वर्षी पॅट्रिक वारले. जावयाला त्यांची जागा हवी होती, पण चर्चच्या विश्वस्तांनी दिली नाही. सामान आवरून निकल्स आयर्लंडला परत गेले.