दहाच्या नोटा

आमच्या नाक्यावरच्या उडुपी हॉटेलात एक वेटरकाका आहेत. सुट्टे कसे आणावेत याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. बिल झालं एकशे पन्नास आणि मी दिली दोनशेची नोट, तर पन्नासची एक नोट त्यांनी कधीच आणली नाही. दहाच्या पाच. बडीशेपेच्या बशीत, जरा पसरून. अख्खी पन्नासची बशीत सोडणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. पाचातली एक मागे ठेवायला मात्र माझ्यासारख्या चिक्कूलाही जड जात नाही.

दिवाळीची पोस्त मागणारी मंडळी दारात उभी राहून हक्कानं मागतात. वेटर मागत नाही. तो पुसलेलंच टेबल पुन्हा पुसतो.

मग गल्ल्यावर क्यूआर कोड आला आणि हे शास्त्र बुडालं. पूर्वी काका टेबलापासून ओरडून गल्ल्याला आकडा सांगायचे, आता तो डबा ओरडतो : 'एकशे पन्नास रुपये प्राप्त झाले.' अख्ख्या हॉटेलाला कळतं की मी बरोबर बिलाएवढेच दिलेत. काकांनाही कळतं. मी बडीशेप तोंडात टाकून बाहेर बघतो.

माझी भाची टेक्सासमध्ये असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा पहिल्याच जेवणानंतर मी पंधरा टक्के ठेवायला निघालो, तर ती म्हणाली, "मामा, लाज आणशील. वीस ठेव." मला वाटलं, पोरगी माजली. मग तिनं सांगितलं की टीप मिळणाऱ्या कामगाराला तिथला मालक तासाला २.१३ डॉलर देऊन मोकळा होऊ शकतो, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीचा पगार टेबलावर बसलेल्यानं द्यायचा. टिपेतून ७.२५ डॉलरचं किमान वेतन भरलं नाही तर उरलेलं मालकानं घालायचं, असं कायदा म्हणतो. म्हणजे तिथे टीप ही खुशी नव्हेच, मालकाची उधारी आहे आणि ती फेडायची आपण. "आपल्याकडे बाबा असलं काही नाही," असं मी तिला ऐटीत सांगून आलो.

परत आल्यावर एका एसी हॉटेलात बिलावर दहा टक्के सेवा शुल्क दिसलं. असं शुल्क आपोआप लावता येणार नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मी भांडलो नाही. वेटरला हळूच विचारलं, "यातलं तुम्हाला किती मिळतं?" त्यानं आधी गल्ल्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि म्हणाला, "सर, फिंगर बाऊल आणू?"

हाच प्रश्न जरा फिरवून मी आमच्या काकांना विचारला. पगार नीट मिळतो का? ते म्हणाले, "मिळतो की. पगार गावाला जातो. टिपेवर मी इथे राहतो." एवढं बोलून ते सहा नंबरला इडली-सांबार द्यायला गेले.

आता खरं ते सांगतो. मध्यंतरी तिथला रवा डोसा दहा रुपयांनी महागला. मालक म्हणाले, माणसं टिकत नाहीत, पगार वाढवावे लागले. मी मान डोलावली. पगार वाढलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी चारचौघांत मोठ्यानं मांडतोही. पण त्या दिवशी बशीत नेहमीची दहाची नोट ठेवली नाही. डोशात गेली ना ती! हा हिशेब माझ्या डोक्यात इतक्या सफाईनं झाला की घरी पोचेपर्यंत मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. तेव्हापासून रवा डोसा खाताना चटणी जास्त मागायचं मात्र टाळतो. का, ते विचारू नका.

काल गेलो होतो. डबा ओरडला, बिल भागलं. काका टेबल पुसत होते. पुसलेलंच. खिसा चाचपला तर एकच पाचशेची नोट. "काका, सुट्टे मिळतील?" म्हटलं. ते गल्ल्यावर गेले, मालकांशी काहीतरी बोलले आणि बशी घेऊन आले. शंभराच्या चार, आणि वर दहाच्या दहा. पन्नासची एकही नाही.