चार्टवर पास, गच्चीवर नापास

लेन्स १६-३५ मिमी एफ/२.८, मालकी कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका दुकानाची. ती नेहमी नेणाऱ्या मॅडम इमारतींचे फोटो काढतात, बाणेर-हिंजवडीकडच्या बिल्डरांची कामं. दिवेलागणीला १६ वर, म्हणजे झूमच्या सर्वांत रुंद टोकाला, ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/२.८ ला पूर्ण उघडून काढलेल्या फोटोंत उजवीकडच्या खिडक्यांच्या चौकटी फुगलेल्या दिसतात, ही त्यांची तक्रार. दुकानदाराने लेन्स सर्व्हिसला पाठवली. ती परत आली एका ओळीचा शेरा घेऊन: ‘तपासली, मर्यादेत आहे.’ मर्यादा किती, कोणत्या अंतरावर, कोणत्या ॲपर्चरला, आकडा काय, कशाचाच पत्ता नाही. असा शेरा लिहायला लेन्स डब्यातून काढायचीही गरज नसते.

“मॅडमना शंका फार,” लेन्स आमच्याकडे तपासायला आणून दुकानदार म्हणाले. “तुम्ही चार्ट लावून एक कागद द्या, म्हणजे विषय संपेल.”

चार्ट लावणं म्हणजे चौकोन छापलेला कागद भिंतीवर चिकटवून फोटो काढणं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरा वेळ जातो चार्ट आणि सेन्सर समांतर करण्यात. आमचा चार्ट ए-झीरो आकाराचा, ११८९ बाय ८४१ मिलिमीटर, मॅट कागदावर इंकजेटने छापून एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थरांच्या कडक शीटवर डकवलेला. पूर्वी सनबोर्डवर होता. पावसाळ्यात कागद ओल धरून पसरतो, हलका सनबोर्ड त्याच्याबरोबर वाकतो आणि चार्टचं ते पोट लेन्सची फील्ड कर्व्हेचर (फोकसची पातळी सपाट न राहता वाकणं) म्हणून आकड्यांत उतरतं. १६ मिमीला हा चार्ट फ्रेमभर येतो तो जेमतेम ५४ सेंटिमीटरवरून. तिथे कॅमेरा १ अंशाने तिरका राहिला, तर चार्टची डावी आणि उजवी टोकं कॅमेऱ्यापासूनच्या अंतरात एकमेकांपासून २ सेंटिमीटरने हलतात, आणि सॉफ्टवेअर त्याचा दोष बिनदिक्कत लेन्सवर टाकतं. म्हणून चार्टच्या मध्यावर सपाट आरसा टेकवायचा, लाइव्ह व्ह्यू मोठा करायचा, आणि लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉडवरच्या गिअर्ड हेडच्या कळा फिरवत बसायचं.

रुंद लेन्सला दिव्यांचाही त्रास. एरवीचे ४५ अंशांवरचे दिवे इथे चार्टच्या कडांना चमक आणतात, आणि कॅमेरा इतका जवळ असतो की त्याचीच सावली चार्टवर पडते. पॅनेल बाजूला सरकवून चार्टच्या पातळीकडे झुकवावे लागतात, मग मीटरने मोजत चारही कोपरे आणि मध्य यांच्या उजेडातला फरक १० टक्क्यांच्या आत आणायचा. स्वस्त एलईडी पॅनेल आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/२५. खोली कर्वे रस्त्याच्या मागेच आहे, पण तळमजल्यावर. तरीही जड गाडी गेली की तो शॉट टाकून द्यायचा.

फाइल रॉच हवी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. शार्पनिंग शून्य आणि लेन्स करेक्शन बंद, कारण करेक्शन कोपरे ताणतं. जेपीईजीवर मोजणाऱ्यांचे आकडे नेहमी देखणे येतात. कॅमेऱ्याने काठाला दिलेला उठाव त्यात मोजला जातो आणि लेन्सला श्रेय मिळतं.

चार्टवरचे चौकोन ५ अंशांनी तिरके असतात, तेही मुद्दाम. काठ पिक्सेलच्या रांगेला समांतर असला तर तो दोन पिक्सेलच्या सीमेवर पडला की मधोमध, एवढ्यावरच आकडा बदलतो. तिरका ठेवला की प्रत्येक ओळीत तो जरासा सरकतो. या सगळ्या ओळी एकत्र करून सॉफ्टवेअर पाव पिक्सेलच्या बारकाव्याने काठाचा उतार काढतं. त्यावरून एमटीएफ-५०, म्हणजे ज्या बारकाव्याला कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो तो आकडा, पिक्सेलमागे किती सायकल (काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्या) असा, जितका मोठा तितका चांगला. पिक्सेलमागे ०.५ सायकल ही नायक्विस्ट मर्यादा, त्याहून बारीक रेघा सेन्सरला धड टिपता येत नाहीत. काठ पूर्ण काळा-पांढराही नको, कारण पांढरं क्लिप झालं, म्हणजे सेन्सरच्या मर्यादेला टेकून सपाट झालं, की उताराचं डोकंच कापलं जातं. आयएसओ १२२३३ या कॅमेऱ्यांची स्पष्टता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत म्हणून ४:१ कॉन्ट्रास्टचे तिरके काठ आले. २००० सालच्या पहिल्या आवृत्तीचा भडक चार्ट मात्र लोक अजून नेटवरून उतरवतात, लेझर प्रिंटरवर ए-थ्री काढतात, आणि टोनरच्या चमकेसकट त्यावरून लाखाच्या लेन्सचा निकाल लावतात.

या लेन्सचे १६ मिमी, एफ/२.८ चे आकडे २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर असे आले: मध्य ०.३०, डावी कड ०.२४, उजवी कड ०.२३. कॅमेरा १८० अंश उलटा करून पुन्हा घेतले. मांडणी तिरकी असती तर कमजोर बाजू फ्रेमच्या दुसऱ्या कडेला गेली असती. तसं काही झालं नाही. दुसऱ्या बॉडीवरही तेच. १६ वरच्या झूमला पूर्ण उघड्या ॲपर्चरला हे आकडे चांगलेच म्हणायचे. दुकानदारांचा जीव भांड्यात पडला आणि माझ्या सहकाऱ्याने रिपोर्ट टाइप करायला घेतला.

अडचण मॅडमच्या रॉ फाइलींची होती. डावीकडच्या खिडकीचे गज मोजता येत होते, उजवीकडचे नव्हते, आणि असं एकाच फाइलीत नाही, सगळ्या फाइलींत. त्यांच्याच बॉडीवर ५० मिमी लावली तर दोन्ही बाजू स्वच्छ, म्हणजे सेन्सर किंवा माउंट वाकडं नाही. “एफ/८ ला तर ठीक आहे ना?” हा दुकानदारांचा सवाल. एफ/८ ला ॲपर्चर लहान होतं आणि डेप्थ ऑफ फोकस, म्हणजे फोकस जरा चुकला तरी खपण्याची मुभा, २.८ च्या जवळजवळ तिप्पट होते. त्यात असला दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. आणि २.८ चे पैसे मोजून ८ ला का वापरायची?

आम्ही मोजलं अर्ध्या मीटरवर, मॅडम फोटो काढतात ५० मीटरच्या पुढे. रुंद झूममध्ये फोकस बदलला की आतले काचांचे गट एकमेकांच्या तुलनेत सरकतात. जवळच्या फोकसला ते जिथे बसतात तिथे लांबच्या फोकसला बसत नाहीत. म्हणजे मॅडम ज्या अंतरावर काम करतात, त्या अंतरावर ही लेन्स कुणीच तपासली नव्हती. यासाठी खरं यंत्र म्हणजे कोलिमेटर, तो खोलीतल्या खोलीत अनंत अंतर तयार करतो. पण १६ मिमीची कड मध्यापासून ४८ अंशांवर असते. तेवढा कोन मोजणारा ऑप्टिकल बेंच आमच्या बजेटबाहेरचा आहे.

मग खरंच लांबचा चार्ट करायचा ठरलं. समोरच्या सोसायटीची गच्ची आमच्या गच्चीपासून ७० मीटरवर. ६ मायक्रॉनचा पिक्सेल, १६ मिमी आणि ७० मीटर, यावरून समोरचे सुमारे २६ मिलिमीटर एका पिक्सेलमध्ये बसतात. ८ फुटी चौकोनाची बाजू ९० पिक्सेलच्या वर भरते, काठ मोजायला पुरेशी. एवढा चार्ट इंकजेटने छापणं परवडणार नाही, पण पुण्यात १० बाय १० फुटांचा फ्लेक्स कुठल्याही गल्लीत दोन-चार तासांत मिळतो. फ्लेक्सचे ठिपके जाडेभरडे असतात, पण पिक्सेल २६ मिलिमीटरचा असताना त्याने फरक पडत नाही. दोन राखाडी छटा, साधारण ४:१, आणि मॅट फ्लेक्स. छापणाऱ्याने दोनदा विचारलं की वाढदिवस कुणाचा आणि फोटो कुठे टाकायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी अर्ज घेतला आणि त्यावर ‘राजकीय मजकूर नाही’ असं आमच्याकडून लिहून घेतलं.

फ्लेक्स लोखंडी पाइपच्या फ्रेमवर ताणूनच हवा, नाहीतर वाऱ्यावर काठ फडफडतो. ८ फुटांच्या बाजूत ५ अंश म्हणजे सुमारे साडेआठ इंचांची सरक. आधी फ्रेमच तेवढी तिरकी बसवायची होती. टांगणाऱ्या पोरांनी ती लेव्हल लावून सरळ केली, वर “साहेब, वाकडं लागत होतं” हेही ऐकवलं. हा कारागिरीचा संस्कार मोडता येत नाही. दुसऱ्यांदा चौकोनच फ्लेक्सच्या आत तिरका छापून घेतला. फ्रेम सरळ, पोरं खूश, काठ तिरका.

मोजायचं सकाळी सातच्या आत. उन्हं चढली की गच्च्यांवरून गरम हवेचे लोट उठतात आणि सगळेच आकडे घसरतात. फोकस मध्यावर पक्का करून हात लावायचा नाही. मग कॅमेरा वळवत तोच चौकोन मध्यावर, डाव्या कडेला, उजव्या कडेला आणायचा. यात समांतर करण्याची कटकटच उरत नाही, कारण प्रत्येक वेळी काठ तोच, उजेड तोच, अंतर तेच. कडेला चौकोन ताणला जातो आणि काठाचा कोन थोडा बदलतो, पण तो २ ते १० अंशांत राहिला तर एमटीएफ मॅपर आणि इमाटेस्ट ही दोन्ही सॉफ्टवेअर सुरळीत मोजतात.

मध्य ०.२९. डावी ०.२५. उजवी ०.१३.

दोष काय आहे हे एवढ्यावरून ठरत नाही. लॅपटॉपवरून फोकस बारीक पायऱ्यांनी हलवत प्रत्येक कडेचं शिखर कुठे येतं ते पाहिलं. दोन्ही कडा मध्याच्या एकाच अंगाला शिखर गाठत असतील तर ती फील्ड कर्व्हेचर, डिझाइनमधली गोष्ट. इथे डावी मध्याबरोबर शिखरावर येत होती. उजवी मात्र फोकस अनंताच्या पलीकडे ढकलल्यावर ०.२३ ला पोचली, तेव्हा मध्य ०.१४ वर कोसळला होता. म्हणजे उजवीकडची काच खराब नाही, एक गट कलंडलेला आहे. सेन्सरवर हा सगळा प्रकार एक दशांश मिलिमीटरच्या आतला.

इथे सहकाऱ्याशी वाजलं. तो सरासरीचा भक्त. मध्य, डावी, उजवी यांची सरासरी ०.२२ येते, ‘समाधानकारक’ लिहू, असं त्याचं मत. आमच्याच कपाटात एक जुनी झूम आहे, तिचे आकडे ०.२४, ०.२१, ०.२२. सरासरी तीच. ती लेन्स सगळीकडे सारखी साधारण आहे, तिच्यावर चांगलं काम होतं. या लेन्सने मात्र अर्धी इमारत विकता येणार नाही. दोघींना एकच गुण देणारा आकडा सॉफ्टवेअर पहिल्या ओळीत छापतं, आणि बहुतेक लोक दुसऱ्या ओळीपर्यंत जातच नाहीत.

आणखी एक चाचणी घेतली, तिचा मला जास्त अभिमान आहे. कॅमेरा उभा धरला. उजवी बाजू खाली आली की तिचा आकडा ०.१० वर उतरला, वर आली की ०.१९ ला चढला. गट कलंडून घट्ट बसला असता तर धरण्याने फरक पडला नसता. आकडा गुरुत्वाकर्षणाबरोबर हलतो याचा अर्थ आत काहीतरी सैल आहे. नुसतं ॲडजस्ट करून चालणार नव्हतं, उघडणं भाग होतं.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास लेन्स उघडणारे एक काका आहेत. एमटीएफच्या भानगडीत ते पडत नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या टोकाला सुईच्या भोकामागे एलईडी ठेवतात आणि कोपऱ्यात तो ठिपका कुठल्या बाजूला शेपूट काढतो ते बघतात. मी कागद पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं, “उभी धरल्यावर बदलते ना?” गट तीन रोलरवर खाचांतून सरकतो. त्यातल्या एका रोलरवरची नायलॉनची टोपी चिरली होती. जवळच्या फोकसला स्प्रिंगचा दाब गटाला सावरून धरत होता, लांबच्या टोकाला दाब कमी झाला की गट त्या बाजूला टेकत होता. अर्ध्या मीटरवर सगळं ठीक का होतं, ते तिथे कळलं. एका मेलेल्या लेन्समधून टोप्या काढून त्यांनी तिन्ही बदलल्या. एकच बदलली तर जुन्या दोन झिजलेल्या राहून गट पुन्हा तिरका बसतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. शेवटी एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून फिरणाऱ्या, स्क्रूवर कल जुळवला.

त्यानंतर गच्चीवर १६ मिमीला मध्य ०.२९, डावी ०.२४, उजवी ०.२२. उभ्या-आडव्यात फरक नाही. त्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागली. ३५ मिमीला चार्टवर उजवी कड ०.२७ होती, ती ०.२३ झाली. झूममध्ये एका टोकाचा कल जुळवला की दुसरं टोक थोडंफार हलतंच. कुठलं टोक सांभाळायचं, हे लेन्स कोण कशाला वापरणार यावर ठरतं. काकांनी विचारलं, मी १६ सांगितलं, कारण तक्रार मॅडमची होती. पण लेन्स भाड्याची आहे. उद्या कुणी साखरपुड्याला ३५ वर समूहफोटो काढेल, त्याला उजवीकडचे काका-काकू जरा मऊ मिळतील. त्याच्या वतीने मी निर्णय घेतला का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रिपोर्ट दोन पानी झाला. पहिल्या पानावर अर्ध्या मीटरचे आकडे, दुसऱ्यावर ७० मीटरचे, ३५ मिमीच्या घसरणीसकट. सरासरी कुठेच नाही. दुकानदारांना ‘पास’ हा शब्द हवा होता, तो मी लिहिला नाही. मॅडमनी पुढच्या वेळी लेन्स नेली तेव्हा डब्यात रिपोर्टची झेरॉक्स होती, फक्त पहिल्या पानाची.