प्रायमर, सही आणि वाया गेलेली रजा

माझ्या रिव्हॉल्व्हरची, पॉइंट ४४ मॅग्नमची काडतुसं घरी भरताना सगळ्यात अवघड काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं: प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी, मिळवणं. इथे टेक्ससमध्ये स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही (भारतात परवान्याशिवाय हा उद्योग करू नका, थेट शस्त्र कायदा लागेल). काडतूस भरायची प्रेस आली, तिच्यात बसणारे साचे म्हणजे डाय आल्या, नेमबाजीच्या रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या घासूनपुसून झाल्या. आणि लार्ज पिस्टल प्रायमरचा कुठे पत्ताच नाही.

साल २०२१. दुकानात ‘एका गिऱ्हाईकाला एकच डबी’ची पाटी, आणि डबी स्मॉल पिस्टलची! पुंगळीची खाच ०.२१० इंच, हा प्रायमर ०.१७५. काय उपयोग? ‘लार्ज रायफल न्या की, व्यास तोच,’ म्हणून काउंटरवरच्या एका गृहस्थांनी फुकट सल्ला दिला. ऐकू नका असल्यांचं. तो उंचीला जास्त असतो, बाहेर डोकावतो आणि सिलिंडर अडकतो.

शेवटी ऑनलाइन मिळाले. वर हॅझमॅटचं, म्हणजे धोकादायक मालाचं, शुल्क. हा माल पोस्टाने येत नाही, कुरियरनेच येतो, आणि माझ्या ऑर्डरला तर दारात प्रौढ माणसाची सही हवी होती. आम्ही दोघंही नोकरीवर. कुरियरवाला चिठ्ठी चिकटवून पसार. डेपोत येऊन नेतो म्हटलं, तर असला माल काउंटरवर देत नाही म्हणे. बरं, कधी येणार? ‘सकाळी आठ ते रात्री आठ.’ ही काय वेळ झाली? रजा टाकून दिवसभर खिडकीत बसलो. गाडी आली संध्याकाळी साडेसातला!

ठरावीक वजनापर्यंत हॅझमॅटचं शुल्क एकदाच लागतं, तेव्हा बंदुकीची दारूही त्याच ऑर्डरमध्ये घ्या, जमल्यास मित्रांची मिळून.

बाकी काम निवांत. डाय कार्बाइडची घेतलीत तर पुंगळीला तेल लावायची कटकट नाही. दारूचं माप छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, व्हॉट्सॲपवरून नाही. पुंगळी लांब असते; जलद जळणाऱ्या दारूचं माप दुप्पट पडलं तरी सांडत नाही, म्हणून गोळी बसवण्याआधी मी प्रत्येकीत टॉर्च मारून बघतो. क्रिंप, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची मुडप, गोळीच्या खाचेत घट्ट बसवा. नाहीतर बार उडाल्यावर धक्क्याने उरलेल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरत नाही. माझा फिरला, पहिल्या खेपेपासून!

हो, हात साबणाने धुवा, शिसं असतं. आणि पार्सल शुक्रवारी येईल असं बघा. सोमवारची रजा आमचे साहेब तरी देत नाहीत.