साठ किलोंचा जॉब आणि ग्रॅमचा हिशोब : आमची वाटचाल

वास्कोला आमच्या शेडच्या मागे सिमेंटची एक टाकी आहे. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल. आगरवाड्याच्या मिठागरातली पन्नास किलोची सहा-सात पोती तिच्यात ओततो, गाळ बसला की पाणी गाळून घेतो आणि मग घनता मोजतो. नवीन माणूस आला की विचारतो, कोळंबी पाळता का? कोळंबी नाही. या टाकीत आम्ही समुद्रात जाणारी यंत्रं तरंगवून बघतो आणि त्यांचं वजन जुळवतो.

बाबा 1981 साली वेंगुर्ल्याहून वास्कोला आले आणि एका लेथवर त्यांनी काम सुरू केलं. झुआरी-मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जचे शाफ्ट, स्टर्न ट्यूब, गनमेटलचे बुश हे आमचं खाणं-पिणं. तीन लेथ झाले, सात माणसं झाली. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. बार्ज नदीत बांधून ठेवल्या त्या तशाच गंजत राहिल्या. बंद बार्जचा शाफ्ट कोण बदलणार? बाबांनी एक लेथ विकला, त्या पैशांत चार महिन्यांचे पगार दिले आणि कुणालाही काढलं नाही. त्या लेथची मोकळी जागा मी अजून भरलेली नाही.

2013 च्या पावसाळ्यात एक संशोधक ॲल्युमिनियमचा हातभर नळा घेऊन आले. आत मोजणीचं उपकरण बसायचं आणि पन्नास मीटरवर गेलं की पाणी शिरायचं. दोन ठिकाणी दुरुस्त करून झालं होतं. बाबांनी चष्मा काढला, ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या, खाचेत नख फिरवलं आणि मला म्हणाले, "बाय गो, पाणी हयसून येता, बघ." खाचेच्या तळाला हत्यार थरथरल्याच्या आडव्या रेघा होत्या. डोळ्याला दिसत नव्हत्या, पण नखाला लागत होत्या. बाबांनी खाच नव्याने कापली, सावकाश, बारीक फीडवर. नळा परत आला तो कोरडा. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, सुट्टीवर आले होते. वर्षभराने ती सोडून कायमची परत आले.

पहिली मोठी चूक माझ्या हातून झाली. 2015 मध्ये आम्ही एका गिऱ्हाइकासाठी बॅटरीचं कवच बनवलं. माप चोख होतं, फिनिश आरशासारखा. समुद्रात दुसऱ्याच दिवशी त्यात पाणी गेलं आणि आतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स गेली. कवच उघडलं तेव्हा ओ-रिंगवर आडवा एक लांब काळा केस होता. माझा. शंभर मीटरवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो, हजार मीटरवर शंभर किलो. त्या दाबाला केसाएवढी वाट भरपूर होते. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून जुळणीच्या खोलीत टोपी घातल्याशिवाय कुणी जात नाही, बाबासुद्धा नाही. ओ-रिंग बसवायच्या आधी दोन माणसं ती उजेडात धरून पूर्ण फिरवून बघतात.

समुद्रातलं ग्लायडर मी पहिल्यांदा ऐकलं ते 2016 मध्ये. आमच्या मुरगाव बंदरात दिसणारं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधू साधना' जहाज त्या जून-जुलैत बंगालच्या उपसागरात गेलं होतं, आणि तिथे 8 अंश उत्तर अक्षांशावर भर मान्सूनात सीग्लायडर सोडली गेली. मी वाचत सुटले. माणूसभर लांबीचा पिवळा टॉर्पेडो, दोन बारीक पंख, आणि ढकलणारा पंखा (प्रोपेलर) नाहीच. पोटातला पंप तेल बाहेरच्या पिशवीत ढकलतो, आकारमान वाढतं आणि ग्लायडर वर येतं. तेल आत ओढलं की बुडतं. आतली बॅटरीची चळत पुढे-मागे सरकवून नाक खाली किंवा वर करतात. पंखांमुळे ते सरळ खाली न पडता तिरकं घसरतं आणि करवतीच्या दात्यांसारखी वाट काढत पुढे जातं. वेग तासाला जेमतेम एक किलोमीटर. बुडताना-चढताना तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, क्लोरोफिल मोजत राहतं आणि वर आलं की उपग्रहावरून आकडे पाठवून नवा हुकूम घेतं.

बाबांना मी स्कार्लेट नाइटची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचं हे ग्लायडर 2009 मध्ये न्यू जर्सीहून निघालं आणि 221 दिवसांनी अटलांटिक ओलांडून स्पेनला पोचलं. स्लोकम जातीचं. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमचं नाव त्या जातीला दिलंय. बाबांनी एवढंच विचारलं, "दोनशे एकवीस दिवस सील टिकला?" आमच्या धंद्याची पुढची दिशा त्या प्रश्नातून ठरली.

आपल्याकडे ग्लायडर मोजकीच आहेत आणि एकेकाची किंमत कोटीच्या घरात. त्यामुळे बनवणं लांबच, त्यांची सेवा करणारेही थोडे. आम्ही कवचं, झाकणं, उचलण्याचे पाळणे यांपासून सुरुवात केली. मग टाकी बांधली आणि वजन जुळवायला लागलो.

हे काम बोलण्यात सोपं वाटतं. साठ किलोंचं ग्लायडर साधारण साठ लिटर पाणी बाजूला सारतं. पाण्याच्या घनतेत लिटरमागे एका ग्रॅमचा फरक पडला की ग्लायडरच्या हिशोबात साठ ग्रॅमचा पडतो. आणि पंपाची ताकद किती? पाव लिटर इकडे, पाव लिटर तिकडे. आमच्या टाकीत आम्ही शिशाच्या चकत्या आत ठेवतो, काढतो, पाच-दहा ग्रॅमपर्यंत येतो. मग टाकीतल्या पाण्यावरून खऱ्या समुद्राचं गणित मांडतो, कारण ते जिथे जाणार तिथलं पाणी टाकीसारखं नसतं.

गोव्यासमोर उन्हाळ्यात क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात मीठ किती ग्रॅम, 36 च्या आसपास. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला, गंगा-ब्रह्मपुत्रेचा पूर आल्यावर, वरच्या थरात ती 30 च्याही खाली जाते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी एका ऑक्टोबरात तिकडे जाणाऱ्या ग्लायडरचं वजन मी उन्हाळ्यातले आकडे धरून जुळवलं. ते बुडालं छान. वर येताना गोड्या पाण्याच्या थराखाली अडकलं, पंपाने सगळं तेल बाहेर टाकलं तरी अँटेना पाण्याबाहेर येईना. फोन नाही, आकडे नाहीत. ती रात्र आम्ही शेडमध्येच काढली. अशा वेळेसाठी ग्लायडरच्या पोटात एक वजन असतं. ठरलेल्या तासांत संपर्क झाला नाही की ग्लायडर ते स्वतःच सोडून देतं आणि हलकं होऊन वर येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा संदेश आला, मोहीम गुंडाळून बोटीने त्याला परत आणावं लागलं. आता आमच्या जॉबकार्डावर वरच्या ओळीत गिऱ्हाइकाच्या नावाआधी दोन गोष्टी लिहितो: कुठलं पाणी, कुठला महिना.

मला हे काम का करावंसं वाटतं, त्याचं कारण आपल्याच किनाऱ्यावर आहे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला खोलातलं गार, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागावर चढतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याची पातळ साय धरलेली असते, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. वरून समुद्र नेहमीसारखाच दिसतो. उपग्रहालाही ते दिसत नाही, त्याला फक्त वरची कातडी दिसते. समुद्रविज्ञान संस्था 1997 पासून कांदोळीसमोर एका ठिकाणी हे सातत्याने मोजत आली आहे. त्या आकड्यांबद्दल मला फार आदर आहे, कारण ते बोटीवर उलट्या करत मिळवलेले आहेत. पण बोट पावसाळ्यात रोज जाऊ शकत नाही. ग्लायडर जाऊ शकतं. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पाण्यात जाळी फारशी नसतात. प्रवाह मात्र जोराचा असतो, तासाला एक किलोमीटर चालणाऱ्याला कुठेही ओढून नेईल असा. आणि उथळ पाण्यात दर काही मिनिटांनी वळावं लागतं, त्यात बॅटरी लवकर संपते. या अडचणी खऱ्या आहेत.

जाळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. डिसेंबर 2020 मध्ये इंडोनेशियात सेलायार बेटाजवळ एका मच्छीमाराला चिनी बनावटीचं वाटणारं ग्लायडर सापडलं आणि हेरगिरीची मोठी चर्चा झाली. आपल्याकडेही कुणा तांडेलाच्या जाळ्यात पिवळा टॉर्पेडो आला तर तो बॉम्बच समजणार, त्याचा दोष नाही. म्हणून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कवचावर मराठी, कोकणी, कन्नड आणि मल्याळममध्ये चार ओळी असतात: हे पाणी मोजण्याचं यंत्र आहे, स्फोटक नाही, उन्हात ठेवू नका, या नंबरवर फोन करा. मालवणच्या एका तांडेलाने ते वाचून आमचं बुडालेलं मोजणीयंत्र परत पाठवलं, गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून. आम्ही भाडं विचारलं तर म्हणाले, "पैशे नको, बांगडो खंय गेलो तां सांगा." ते सांगण्याइतके आकडे आज माझ्याकडे नाहीत.

गेली तीन वर्षं नफ्यातला काही भाग बाजूला काढून आम्ही स्वतःचं लहान ग्लायडर बनवतोय, शंभर मीटरपर्यंत जाणारं, फक्त आपल्या उथळ किनाऱ्यासाठी. तापमान, क्षारता आणि ऑक्सिजन, तीनच गोष्टी. पंपाचा पिस्टन बाबांनी स्वतः टर्न केला. वय 74, हात अजून स्थिर. मागच्या सोमवारी कवच बंद करून आतली हवा खेचली आणि व्हॅक्युमचा काटा कुठे आहे तिथे पेन्सिलीने खूण केली. मंगळवारी सकाळी काटा तिथेच. बुधवारी तिथेच. गुरुवारी बाबा माझ्या आधी शेडवर पोचले होते, चहाचा पेला हातात घेऊन गेजसमोर बसले होते. काटा खुणेवर होता. आता त्याला टाकीत सोडायचंय.