जायकवाडीचं पाणी सुटलं तेव्हा

आमचं वावर गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. आमच्याकडं थेंब पडला नाही तरी पूर येतो, कारण नाशिक-नगरकडचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात जमतं आणि तिथून आमच्यावर सुटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर वरचं पाणी आणि इथला पाऊस एकदमच आला. विसर्ग ३ लाख क्युसेकच्या पुढं गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.

आम्ही आकडा किती यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, यावर नजर ठेवून होतो. पैठणहून सुटलेलं पाणी इथं पोचायला काही तास लागतात, आणि जी काही तयारी करायची ती तेवढ्यातच. मंदिराच्या पायरीवर चुन्याची रेघ मारली. ती बुडाली की गाव सोडायचं, असं आधीच ठरलं होतं.

वडिलांनी २००६ चा पूर पाहिलेला. त्यांचं म्हणणं एकच, जनावरं दिवसाउजेडी हलवा. अंधारात, पाण्याच्या आवाजानं बैल बिथरतो, जागचा हलत नाही. आमची गाय चिखलात पाय टाकेना. मग वासरू उचलून पुढं नेलं, तशी हंबरत मागं आली. माळावरच्या शाळेजवळ सगळी बांधली, थोडा कडबाही नेला. ज्यांना हलवणं होणारच नाही, त्यांनी निदान दावी सोडावीत. मोकळं जनावर पोहतं, बांधलेलं खुंट्यालाच बुडतं. हे मी कळकळीनं सांगतो.

नदीवरची मोटार वर ओढली, घरातला मेन स्विच बंद केला. सातबारा, पासबुक, आधार, आईच्या बीपीच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या. तो डबा शेवटपर्यंत आईच्या मांडीवर होता.

शेजारचा एक पोरगा ओढ्यावरच्या पुलावरून मोटारसायकल घालायला निघालेला. पाणी गुडघ्याच्याही खाली दिसत होतं. आम्ही चौघांनी हँडल धरून ठेवलं. वाहतं पाणी वीतभर असलं तरी पाय उचलतं, आणि गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही.

पाणी ओसरल्यावर घाईनं घरात शिरलो नाही. काठीनं आपटत गेलो, कारण साप कोरड्या जागेला, माळ्यावर, गोधडीत येऊन बसतात. वायरिंग वायरमनला दाखवल्याशिवाय दिवा लावला नाही. गाळ उपसण्याआधी घराचे, आडव्या झालेल्या कापसाचे, काळ्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो काढले. पंचनाम्याच्या वेळी तेच दाखवता आले. विहिरीत गढूळ पाणी भरलेलं, ते उपसून ब्लिचिंग पावडर टाकली. पुढं बरेच दिवस घरात पाणी उकळूनच प्यायलो, लहान लेकरांना तर बाहेर कुठंच पिऊ दिलं नाही.