अभ्यासिकेतला उजेड आणि छतावरचे ऊन : सॉफ्टवेअरवर केलेल्या एका विश्लेषणाचा अनुभव

परळमधल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तेथे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत बसतात, कारण घरी एका खोलीत पाच-सहा माणसे असताना शांतपणे वाचायला जागा मिळत नाही. नूतनीकरणाच्या वेळी विश्वस्तांपुढे दोन प्रस्ताव होते : पश्चिमेच्या खिडक्यांना गडद काच बसवणे आणि संपूर्ण दालन वातानुकूलित करणे. दोन्हींचा खर्च देणग्यांतून होणार असल्यामुळे त्याआधी दालनातला दिवसाचा उजेड आणि विजेची गरज यांचा नीट अभ्यास व्हावा, असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

इमारतीचे त्रिमितीय मॉडेल मी राइनो या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केले आणि त्याच्यातच चालणाऱ्या ग्रासहॉपर या जोडणीतली लेडीबग व हनीबी ही मोफत साधने त्याला जोडली. ही साधने मॉडेल तयार करून पुढे पाठवतात. प्रकाशाचे प्रत्यक्ष गणित रॅडिअन्स हे सॉफ्टवेअर करते आणि उष्णतेचे व विजेचे गणित एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर करते. रॅडिअन्स हे ग्रेग वॉर्ड यांनी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित केले, तर एनर्जीप्लसमागे अमेरिकेचा ऊर्जा विभाग आहे. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. एकाच मॉडेलवरून दोन्ही हिशेब निघतात, ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण मुंबईत ज्या खिडकीतून उजेड येतो त्याच खिडकीतून उकाडाही येतो आणि दोन सल्लागारांनी दोन स्वतंत्र अहवाल दिले की हा संबंध हमखास सुटतो.

हवामानासाठी मी सांताक्रूझ हवामान केंद्राची फाइल वापरली. वर्षाच्या 8760 तासांपैकी प्रत्येक तासाचे तापमान, आर्द्रता, वारा, थेट ऊन आणि आकाशातून पसरून येणारा प्रकाश असे आकडे तिच्यात असतात. हे एखाद्या ठरावीक सालचे हवामान नसून अनेक वर्षांच्या नोंदींतून जुळवलेले नमुना वर्ष असते. त्यामुळे अलीकडच्या एखाद्या कडक उन्हाळ्याचा अंदाज त्यावरून बांधू नये, हे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले. याच फाइलवरून सूर्याचा मार्ग काढला, तेव्हा पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरली. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. 21 डिसेंबरलासुद्धा दुपारी तो क्षितिजापासून सुमारे 47 अंश वर असतो. अशा शहरात वरच्या मजल्याला भिंतींपेक्षा छतावरून जास्त ऊन सोसावे लागते. विश्वस्तांची सगळी चर्चा मात्र पश्चिमेच्या काचेभोवती फिरत होती.

यानंतरचा सर्वांत वेळखाऊ भाग प्रत्यक्ष जागेवरच्या मोजमापांचा होता, आणि माझ्या मते विश्लेषणाची खरी गुणवत्ता येथेच ठरते. सॉफ्टवेअरमध्ये खिडकी म्हणजे भिंतीतला एक स्वच्छ, सपाट काचेचा आयत असतो. परळमधली खिडकी तशी नसते. येथे भिंत दीड फूट जाड आहे, त्यामुळे खिडकीची आतली बाजूच बराचसा तिरपा प्रकाश अडवते. ती जाडी मॉडेलमध्ये दाखवली नाही तर मागच्या बाकांवर नसलेला उजेड दिसू लागतो. काचेबाहेर लोखंडी ग्रिल आहे, ग्रिलवर कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे आणि त्या जाळीच्या प्रत्येक गाठीवर धूळ व पिसे चिकटून तिचा रंग मातकट झाला आहे. जाळीचा एकेक धागा मॉडेलमध्ये काढण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी जाळीच्या बाहेर आणि काचेच्या आत लक्समीटर (उजेड मोजण्याचे उपकरण) धरून किती प्रकाश प्रत्यक्ष पार होतो ते मोजले आणि तेच प्रमाण मॉडेलमधल्या काचेला दिले. कोऱ्या साध्या काचेतून सुमारे 88 टक्के दृश्य प्रकाश आत येतो. येथे खिडकीगणिक निघालेले आकडे त्याच्या जवळपासही नव्हते.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. ते म्हणाले, “ताई, तुम्ही आत्ता मेमध्ये बघताय. जूनमध्ये आम्ही बाहेरून निळी ताडपत्री बांधतो. मग दुपारी दोनलाही दिवा लावल्याशिवाय अक्षर दिसत नाही.” वर्षभराच्या सरासरीत ही बाब बुडून गेली असती. म्हणून मी दोन मॉडेल केली, एक ताडपत्रीसह आणि एक ताडपत्रीविना, आणि जून ते सप्टेंबरचे तास पहिल्यातून व उरलेले दुसऱ्यातून घेऊन वर्ष पूर्ण केले.

आतल्या पृष्ठभागांचे परावर्तनही असेच जागेवर तपासले. पिवळट पडलेले छत, भिंतीशी ओळीने उभी असलेली गडद रंगाची पुस्तकांची कपाटे आणि काळसर शहाबादी फरशी यांमुळे आत आलेला प्रकाश दोन-तीन वेळा आपटताच संपत होता. रॅडिअन्समध्ये प्रकाश किती वेळा परावर्तित होईपर्यंत हिशेब चालू ठेवायचा ते आपण ठरवतो. खोल दालनात ही संख्या कमी ठेवली तर मागचा भाग अवास्तव काळोखा दिसतो; म्हणून ती वाढवून घेतली आणि संगणक रात्रभर चालू ठेवला. समोरचा उंच मनोरा आणि शेजारच्या दोन चाळीही मॉडेलमध्ये होत्याच.

निकालांवर विश्वास ठेवण्यापूर्वी जुलैच्या एका ढगाळ सकाळी पडताळणी केली. त्यासाठी ताडपत्री तात्पुरती वर गुंडाळून ठेवली. सहकारी एक लक्समीटर घेऊन गच्चीवर उभा राहिला, मी दुसरा घेऊन एकेका बाकाजवळ गेले आणि फोनवर बोलत दोघांनी एकाच क्षणी आकडे टिपले. पूर्ण ढगाळ आकाशाखाली आतल्या आणि बाहेरच्या उजेडाचे गुणोत्तर बऱ्यापैकी स्थिर असते, त्यामुळे तुलनेला हा दिवस उत्तम. खिडकीलगतच्या आणि मधल्या बाकांवर मॉडेल व मोजमाप चांगले जुळले.

वर्षभराचे निकाल पाहताना मी ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीतला निकष समोर ठेवला. त्यात 100 ते 2000 लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) हा उपयुक्त उजेड मानला आहे. यातली वरची मर्यादा मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण पुस्तकावर पडलेले थेट ऊनही वाचू देत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांशी हिवाळ्यात दुपारी असे ऊन येते खरे, पण थोड्याच वेळात समोरचा मनोरा ते अडवतो. गडद काच घातली असती तर त्या मोजक्या तासांचा त्रास कमी झाला असता आणि त्या बदल्यात मागच्या अर्ध्या दालनातला उजेड वर्षभर 100 लक्सच्या खाली गेला असता. म्हणजे दिवे दिवसभर चालू राहिले असते आणि त्या दिव्यांची उष्णताही आतच राहिली असती.

एनर्जीप्लसला मी दिव्यांचे वेळापत्रक रॅडिअन्सच्या निकालांवरूनच दिले : बाकावर 300 लक्स मिळत असतील त्या तासांत दिवा बंद, एरवी चालू. त्यानंतर वातानुकूलनावरचा भार कोठून येतो, याची फोड केली. सर्वांत मोठा वाटा गच्चीच्या स्लॅबचा निघाला. त्याखालोखाल माणसांची उष्णता आणि बाहेरच्या हवेतला दमटपणा आला; पश्चिमेची काच बरीच खाली राहिली. हे तक्ते घेऊन मी विश्वस्तांपुढे बसले, तेव्हा त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, “म्हणजे मॅडम, पैसे खिडकीवर नको, गच्चीवर घालायचे?” मी होकार दिला आणि गच्चीवर उष्णतारोधक थर व त्यावर पांढऱ्या चायना मोझेकचे चित्र पडद्यावर लावले. त्याच मॉडेलमध्ये छताचे परावर्तन आणि थराची जाडी बदलून तो हिशेब आधीच करून ठेवला होता.

शेवटी ठरले ते असे : गडद काचेचा प्रस्ताव रद्द झाला. गच्चीचे काम आधी करायचे, आतले छत पांढरे रंगवायचे, कपाटे खिडक्यांपासून हलवून मागच्या भिंतीला लावायची आणि ताडपत्रीच्या जागी प्रकाश आत येऊ देणाऱ्या अर्धपारदर्शक पत्र्याचे पुढे काढलेले कायमचे छज्जे बसवायचे. कबुतरांची जाळी राहणार आहे, पण ती दर दिवाळीआधी उतरवून धुण्याची तरतूद वार्षिक देखभालीत घातली आहे. वातानुकूलन सध्या फक्त मधल्या बंदिस्त खोलीपुरते असेल. मोठ्या दालनात पंखेच राहतील आणि गच्चीचे काम झाल्यावर पुढच्या मे महिन्यात तापमानाच्या नोंदी घेऊन त्याचा पुन्हा विचार होईल. त्या नोंदींसाठी मॉडेलमधले मोजणीचे बिंदू आणि गृहीत धरलेला प्रत्येक आकडा अहवालाच्या परिशिष्टात दिला आहे, म्हणजे हे काम उद्या दुसऱ्या कोणाकडे गेले तरी त्याला त्याच बाकांवर, त्याच उंचीवर मोजता येईल.